कोचीचा टंच

नातेवाईक गाव बघायला जात नाहीत. गावाचा टंच काढायला जातात. हे कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली आणि कोचीपर्यंत जावं लागलं.

कोचीच का, असं विट्यात कुणी विचारत नाही. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि साताऱ्याकडचे खटाव-माण या पट्ट्यात दोन घरांआड एक माणूस देशातल्या कुठल्यातरी सराफकट्ट्यामागच्या गल्लीत भट्टीपुढं बसलेला असतो. धंदा गलाईचा. जुने दागिने मुशीत आटवायचे, हिणकस बाजूला काढायचं आणि उरलेल्या शुद्ध सोन्याची लगड सराफाच्या हातात ठेवायची. पाऊस रुसला तेव्हा आमची माणसं घराबाहेर पडली आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत पसरली. त्यामुळं आमच्याकडच्या पोरांना भारताचा नकाशा सोयरीकीतून पाठ होतो. कोइमतूरचा साडू, त्रिचूरचा भाचा, बरेलीची मावशी. तसा आमचा कोचीचा दादा. नात्यानं चुलतभाऊ.

बावीस वर्षं दादा म्हणत आला, "एकदा या की." बावीस वर्षं आम्ही म्हणत आलो, "येऊ की." ही दोन्ही वाक्यं खरी धरायची नसतात. यंदा आत्यानं धरली.

गाडी मिरजेहून, माणसं पाच. आत्या खटावची, म्हणजे सातारा जिल्हा. वय पंचाहत्तर, मतं त्याहून जुनी. मामा आटपाडीचा, टँकरच्या नळीपेक्षा रुंद पाणी क्वचितच पाहिलेला. काकू सांगलीची, गावभागातली, विलिंग्डन कॉलेजची बी. ए.; यातलं शेवटचं विशेषण ती स्वतःच लावते. शिवाय बायको आणि मी. माझ्या खिशात चौदा ठिकाणांची यादी, प्रत्येक ठिकाणापुढं वेळ.

सामानात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, सांगलीची भडंग आणि साताऱ्याचे कंदी पेढे. आणि प्रत्येकाच्या पिशवीच्या तळाशी एकेक कसोटीचा दगड. सराफ ज्या काळ्या दगडावर सोनं घासून कस बघतो, तोच. फक्त आमच्या माणसांच्या दगडाला नाव असतं. ‘आपल्याकडं’.

गाडीत कऱ्हाडचा विषय निघाला तसा पहिला सामना तिथंच झाला. काकू ‘आमचा सांगली जिल्हा’ म्हणाली आणि आत्यानं पदर सावरला. "कसला तुमचा जिल्हा? १९४९ सालापर्यंत आमचाच होता. मग दक्षिण सातारा म्हणून वेगळं काढलं. सांगली नाव १९६० ला दिलं. भाऊ वेगळा निघाला म्हणून आडनाव बदलत न्हाय, बाई." ही माहिती आत्याला सासऱ्यांकडून मिळालेली. ती तिनं भावकीच्या वाटणीपत्रासारखी जपून ठेवलेली.

शुक्रवारी सकाळी पोचलो. दादा स्टेशनवर आला, सगळ्यांच्या पाया पडला आणि घड्याळ बघू लागला. दुकान उघडायचं होतं. त्यानं मुलीला आमच्या ताब्यात दिलं, म्हणजे आम्हाला मुलीच्या. पुतणी सातवीत. मराठी घरातलं, मल्याळम शाळेतलं, हिंदी टीव्हीवरचं. आणि तिन्ही एकाच वाक्यात. "आत्याआजी, आपण बोट पकडू, मग तिकडनं नडन्नु जाऊ." नडन्नु म्हणजे चालत. आत्या म्हणाली, "नडत का जायचं? चांगलं चालत जाऊ."

कोचीत २०२३ पासून पाण्यावरची मेट्रो आहे. विजेवर चालणारी गारेगार बोट, मोठाल्या काचा, दारं आपोआप मिटणारी. मामा त्या दाराशीच अडला.

"खोल किती?"

"खूप," पुतणी म्हणाली.

"मग मी हितंच बसतो. तुम्ही बघून या."

लाइफ जॅकेट कुठं ठेवलंय ते दाखवलं, तेव्हा आत आला आणि खिडकीकडं पाठ करून जॅकेटकडं बघत बसला. बोट मधोमध आली. डावीकडं पाणी, उजवीकडं पाणी, लांबवर जहाजं, बेटांवर नारळ. मामानं हळूच मान वळवली. पाच मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, "टेंभूचं आवर्तन कधी सुटतंय म्हणून आम्ही पाटाकडं डोळं लावून बसायचं आणि हितं हे असं मोकाट पडलंय. ह्यातलं जरा तिकडं वळवा की."

खारं आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. "म्हंजे नुसतंच बघायचं."

पर्यटनस्थळाची इतकी नेमकी व्याख्या कुठल्याही सरकारी माहितीपत्रकात नाही.

तेवढ्यात पुतणीनं डावीकडं बोट दाखवलं. "ते विलिंग्डन आयलंड."

काकू उभीच राहिली. "आमच्या कॉलेजचा विलिंग्डन?"

तोच. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता, १९१९ साली सांगलीत निघालेल्या कॉलेजला त्याचं नाव मिळालं. पुढं मद्रासचा गव्हर्नर झाला, मग व्हाइसरॉय. इकडं ब्रिस्टो नावाच्या इंजिनिअरनं बंदराचा तळ उपसला, निघालेल्या गाळाचं बेट केलं, आणि त्या बेटालाही नाव विलिंग्डनचंच. हे ऐकून काकूनं सांगलीचा जमाखर्च मांडला. "आयर्विन पूल १९२९ चा. आयर्विन व्हाइसरॉय आधीचा, विलिंग्डन त्याच्यानंतरचा. म्हणजे आधीच्याचा पूल आणि नंतरच्याचं कॉलेज, दोन्ही सांगलीकडं. यांच्या वाट्याला काय आलं? गाळ."

कोचीचा पहिला कस लागला. दगडावर फिकट रेघ.

मी यादीतलं वाचून दाखवलं की फोर्ट कोची, मट्टंचेरी, एर्नाकुलम अशी वेगवेगळी गावं एकत्र बांधून १९६७ साली इथली महापालिका झाली. काकूनं सुस्कारा टाकला. सांगली, मिरज आणि कुपवाड अशी महापालिका १९९८ पासून भोगणाऱ्या माणसाला यापुढं काही समजावून सांगावं लागत नाही. "मग इथं कचरा कुणाच्या हद्दीत टाकतात?" एवढंच तिनं विचारलं.

मी आणखी वाचलं. १३४१ साली पेरियार नदीला महापूर आला, मुझिरीस हे जुनं बंदर गाळानं बुजलं आणि इकडं कोचीचं तोंड उघडलं, असं मानतात. हे मात्र काकूला लागलं. २०१९ साली कृष्णा आयर्विन पुलाजवळ सत्तावन्न फुटांच्या वर गेली, तेव्हा तिच्या घरातलं पाणी माळ्याला टेकलं होतं. "आमचं पुरानं गेलं आणि यांचं पुरानं झालं," ती म्हणाली. पुतणीनं सांगितलं, २०१८ च्या पुरात आमचं विमानतळसुद्धा बंद होतं. काकूनं विचार केला. "बरं. मग बरोबरी."

फोर्ट कोचीच्या काठावर चिनी जाळी आहेत. लाकडी सांगाडा, त्याला पसरलेलं भलंमोठं जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले धोंडे. चार-पाच माणसं दोर ओढतात, जाळं पाण्यातून वर येतं. जगभरची माणसं सूर्यास्ताला इथं येऊन फोटो काढतात. मामानं एकदा वर बघितलं, एकदा खाली बघितलं.

"मोट हाय ही."

आम्ही गप्प.

"बैलाच्या जागी धोंडा आणि पाण्याच्या जागी मासा. बाकी मोटच. माझा आजा हाणत हुता."

आणि मग जे मामानं बोटीत केलं नाही ते काठावर केलं. चप्पल काढली, धोतर खोचलं आणि दोराला हात घातला. कोळ्यांना एक शब्द कळेना, पण दोर धरायची पद्धत कळली. वाकायचं कसं, भार कुठं द्यायचा, सगळ्यांनी दम कधी टाकायचा. जाळं वर आलं. आत दोन-तीन ओंजळी मासळी, जलपर्णीचा पुंजका आणि एक प्लास्टिकची बाटली. मामा वैतागला. "एवढ्या मापाच्या मोटंला एवढंच पाणी?" कोळ्यानं हसून हात पुढं केला. दोर ओढायला दिल्याचे पैसे. आटपाडीच्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा काम करून वर मजुरी मोजली. तरी दिवसभर खूश होता.

तिथून सेंट फ्रान्सिस चर्च. युरोपियनांनी भारतात बांधलेलं सगळ्यात जुनं, असं सांगतात. वास्को द गामा १५२४ साली कोचीत वारला, त्याला इथं पुरलं. जमिनीत त्याची शिळा आहे, भोवती कठडा आहे. आत्यानं चप्पल बाहेर काढली, हात जोडले आणि विचारलं, "कोण हे?"

मी सांगितलं. समुद्रातून वाट काढत आलेला पहिला पोर्तुगीज.

"म्हंजे ह्यांच्यामुळं पुढचं सगळं?"

"हो."

आत्यानं जोडलेले हात सोडले.

पुतणीनं भर घातली की आत तो आता नाहीच. चौदा-पंधरा वर्षांनी त्याच्या पोरानं अस्थी पोर्तुगालला नेल्या. आत्याला हे पटलं. आमच्याकडची माणसं बाहेरगावी जातात ती शेवटी गावाकडं यायच्या बोलीवरच जातात. येतात कधी, हा वेगळा विषय. "पोरगं चांगलं निघालं म्हणायचं," ती म्हणाली. "पर मग आपण हितं बघतूय काय?"

रिकामी जागा, आत्या. निम्मं पर्यटन यावरच चालतं.

जेवायला एका साध्या हॉटेलात गेलो. पोऱ्यानं पाच पेले गरम, गुलाबी पाणी आणून ठेवलं. इथं पतिमुगम नावाच्या झाडाच्या गाभ्याच्या ढलप्या घालून पाणी उकळतात, आपण ज्याला पतंग म्हणतो तेच लाकूड. हे मला नंतर कळलं. आत्यानं तर कळायच्या आधीच त्यात हात धुऊन टाकले. काकूनं ते सरबत समजून साखर मागितली. भात आला तो जाड, तांबूस, उकडा. मामानं एक शीत उचलून उजेडात धरलं. "ह्याला भात म्हणायचं का कडधान्य?" मग पिशवीतून भाकरी निघाली, ठेचा निघाला. शेजारच्या टेबलावरचा माणूस ठेच्याकडं बघत राहिला. आत्यानं बोटभर त्याच्या पानात वाढला. त्यानं खाल्ला आणि गुलाबी पाण्याचे दोन पेले लागोपाठ संपवले. तेव्हा त्या पाण्याचा उपयोग आम्हाला समजला.

संध्याकाळी मट्टंचेरीचा राजवाडा. यादीत नाव, पुढं वेळ, वेळेवर हजर. शुक्रवारी बंद.

शनिवारी पुन्हा गेलो. दार उघडं होतं. सोळाव्या शतकात हा वाडा पोर्तुगिजांनी बांधला आणि कोचीच्या राजाला दिला. राहिले राजे. पुढं १६६३ साली डचांनी त्याची डागडुजी केली. आणि नाव? डच पॅलेस. बांधणाऱ्याचं नाही, राहणाऱ्याचं नाही, गिलावा करणाऱ्याचं. आम्हाला यात काहीच नवल वाटलं नाही. आमच्याकडं समाजमंदिराला रंग देणाऱ्याचं नाव समाजापेक्षा मोठ्या अक्षरात असतं.

आत भिंतींवर रामायण. लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांत माणसं एकमेकांना इतकी चिकटून काढलेली की मधे बोटभर भिंत मोकळी नाही. दशरथ, कौसल्या, वानर, राक्षस, सगळे एसटीत उभे असल्यासारखे. मी मनापासून थक्क झालो होतो. आत्यानं चष्मा पुसला, नीट बघितलं आणि दगड बाहेर काढला.

"आपल्याकडं औंधात ह्याच्यापेक्षा भारी हायती."

आता हे खोडता येईना. खटाव तालुक्यातल्या औंधाच्या टेकडीवर १९३८ साली पंतप्रतिनिधींनी संग्रहालय उभं केलं. त्यात राजा रविवर्म्याची अस्सल चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्पसुद्धा आहे. मी म्हटलं, "आत्या, रविवर्मा इथलाच. केरळचाच."

आत्या दोन क्षण थांबली. मग तिच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी तिच्या नातवाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "मंग बघ की. हितला माणूस, पर चित्रं लावायला भिंत खटावातच गावली."

या वाक्याला उत्तर द्यायला मी चार दिवस घेतले. अजून मिळालेलं नाही.

वाड्याशेजारीच यहुद्यांचं जुनं प्रार्थनामंदिर, १५६८ चं. खाली चिनी निळ्या-पांढऱ्या फरश्या. प्रत्येकीवरची नक्षी वेगळी, अशी ख्याती. बाहेर घड्याळाचा मनोरा. तोच बघितला, कारण शनिवारी हे बंद. शुक्रवारी राजा बंद, शनिवारी देव बंद. माझ्या यादीतली चौदापैकी दोन ठिकाणं बरोब्बर चुकीच्या दिवशी लिहिली होती, हे बायकोनं एकदाच सांगितलं. पण प्रत्येक नातेवाइकाला वेगळं सांगितलं.

आत्यानं मात्र बंद दाराचीही बाजू घेतली. तिच्या माहेरी कोकणातनं एक तेली यायचा म्हणे, जो शनिवारी घाणा जुंपायचा नाही. त्यांना शनवार तेलीच म्हणायचे. "तसलंच हे." आणि ती बरोबर होती. कोकणातले बेने इस्राएल म्हणजेच शनवार तेली, यहुदी धर्माचे, शनिवार पाळणारे. हजारभर किलोमीटर येऊन बंद दारापुढं कळलं की आत्याच्या माहेरी दाराशी येणारा तेली हाही पर्यटनाचा विषय होता.

मग मसाल्याच्या गल्ल्या. मिरी, सुंठ, वेलदोडा, लवंग. नाक आधी पोचतं, माणूस मागून. मट्टंचेरीत कितीतरी भाषा कानावर पडतात. गुजराती पेढ्या आहेत. गोव्यातून पोर्तुगिजांच्या जाचानं निघालेली सारस्वत घराणी शतकांपासून इथं आहेत, त्यांचं तिरुमल देवस्थान आहे. वाटेत एक बाई कोकणीत कुणाला तरी हाक मारत होती. आत्या थांबली. "ही आपल्यातलीच बोलतीया, पर जरा पडसं झाल्यागत." दोघी दहा मिनिटं बोलल्या. काय बोलल्या हे दोघींनाही सांगता आलं नाही, पण निघताना आत्याच्या हातात फणसाच्या गऱ्यांचा पुडा होता आणि तिच्या हातात कंदी पेढा.

एका दुकानात काकू हळकुंडांच्या पोत्यापाशी थबकली. इथं तिचा अधिकार होता. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा काकूनं घरात पेढे वाटले होते. तिच्या सासऱ्यांची हळद हरिपूरच्या पेवात असायची. जमिनीच्या पोटातली ती कोठारं, वर्षानुवर्षं माल टिकवणारी. काकूनं एक हळकुंड उचललं, नखानं खरवडलं, वास घेतला, दातानं टोक मोडलं.

"राजापुरीपुढं काही नाही."

दुकानदारानं नम्रपणे सांगितलं, ही अलेप्पी. हिच्यात कुरकुमिन जास्त असतं म्हणून औषधाला, रंगाला हिला जगभर मागणी आहे. काकूचा चेहरा हळदीपेक्षा पिवळा पडला. ती बाहेर गेली. पाच मिनिटांनी परत आली आणि अर्धा किलो बांधून घेतली. सांगलीला हळद! "घरी तपासून बघते," असं कारण दिलं. पण मी पाहिलंय, ते पाकीट तिनं पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात तळाशी लपवून नेलं. दगडावर पहिल्यांदाच रेघ गडद उठली होती, आणि ती कुणाला दाखवायची नव्हती.

रविवारी दादाचं दुकान बंद. तो म्हणाला, चला, आज मी येतो. प्रार्थनामंदिर उघडं होतं. फरश्या बघितल्या, बिलोरी झुंबरं बघितली. दादा आमच्यापेक्षा जास्त माना वळवत होता. आत्यानं ओळखलं.

"तू आलावता का रं हितं कधी?"

"नाही."

"बावीस वर्षांत?"

"यायचं यायचं म्हणत होतो."

म्हणजे पाच जण मिरजेहून आले तेव्हा सहावा एर्नाकुलमहून येऊ शकला. पाहुणे आले की यजमानाला गाव दिसतं. म्हणून तर मुंबईकरांनी राणीची बाग भाच्यांच्या कृपेनं पाहिलेली असते.

बाहेर ज्यू टाउनची गल्ली. दोन्ही बाजूंना जुनी घरं, खाली दुकानं. जुन्या वस्तू, शाली, अत्तरं, पितळी दिवे. आत्यानं दारावरची नावं विचारली. ही माणसं कुठं असतात? दादानं पुतणीला विचारलं, पुतणीनं आत्याला सांगितलं. शेकडो वर्षं इथं राहिली, व्यापार केला, घरं बांधली. इस्रायल झाल्यावर बहुतेक सगळी तिकडं गेली. आता नावापुरती उरली. घरं आहेत, दारावर नाव आहे, आत दुकान.

आत्या गल्लीभर एकदा बघून म्हणाली, "म्हंजे आपली आळीच की."

यावेळी कुणी हसलं नाही. कारण आमच्या गावात गलाईवाल्यांची एक आळीच आहे. दुमजली बंगले, ग्रॅनाइटचे जिने, गच्चीवर सिंह किंवा घोडा, दारावर ‘आईसाहेबांची कृपा’. यात्रेला चार दिवस गाड्यांनी रस्ता भरतो. उरलेले दिवस कुलपं.

सोमवारी रात्रीची गाडी. दुपारी आत्या म्हणाली, "सगळं बघितलं. आता दादाचं दुकान बघायचं." हे माझ्या यादीत नव्हतं.

ब्रॉडवेच्या बाजारामागं एक बोळ. बोळात जिना. वर दहा बाय बाराची खोली. एका भिंतीला भट्टी, एका कोपऱ्यात तेजाबाच्या बरण्या, तराजू, टंच सांगणारं मशीन. जुन्या सोन्यात चांदी मिसळायची, तेजाबात टाकायचं; चांदी-तांबं विरघळतं, सोनं तळाशी बसतं. मग मूस, टाकणखार, आग. सोनारांच्या दुकानातला केरसुद्धा विकत घेऊन त्यातले कण काढायचे. वरचा पंखा भट्टीच्या वाऱ्याला घाबरून हळू फिरत होता. बाहेर कोचीची दमट हवा, आत ही. पाच मिनिटांत आमचे कपडे अंगाला चिकटले. दादा घामेजल्या चेहऱ्यानं हसत होता. चहा मागवला होता.

भिंतीवर सिद्धनाथाचं कॅलेंडर. शेजारी बंगल्याचा फोटो, गावाकडच्या.

आत्या स्टुलावर बसली. आम्ही वाट बघत होतो. ‘आपल्याकडं’ आता येईल, मग येईल. तिनं भट्टीकडं बघितलं, दादाच्या हातांवरचे तेजाबाचे डाग बघितले, खिडकीतून लांबवर दिसणारी पाण्याची पट्टी बघितली. एक शब्द बोलली नाही. चार दिवसांत पहिल्यांदाच तिच्या दगडाला काही घासायला मिळालं नाही. निघताना तिनं उरलेले सगळे पेढे दादाच्या हातात दिले आणि एवढंच म्हणाली, "पाण्याच्या गावात येऊन इस्तवाजवळ बसलास होय रं."

दादा म्हणाला, "गावाकडं जाल तर बंगला तेवढा बघा. मागच्या पावसात गळत होता म्हणतात."

परत आल्यावर सगळ्यांनी सगळ्यांना कोची सांगितली. मामाच्या गोष्टीत मोट आहे, जहाज नाही. काकूच्या गोष्टीत विलिंग्डन आहे, हळद नाही. आत्याच्या गोष्टीत औंध आहे. कोची त्यात बसण्यापुरती जागा मागत कोपऱ्यात उभी असते.

रविवारी मी दादाच्या बंगल्यावर गेलो. किल्ली शेजाऱ्यांकडं. फाटकाबाहेर पै-पाहुणे म्हणून आलेली दोन-तीन माणसं उभी होती, वर बघत. त्यांचा यजमान बोट दाखवून सांगत होता, "हा कोचीवाल्याचा. आठ खोल्या." एकानं फोटो काढला. मी कुलूप उघडलं. आठ खोल्या. सोफ्याचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. स्वयंपाकघरात वरच्या कोपऱ्यात ओल, आणि खाली परातीत थेंब थेंब साठलेलं पाणी. गोडं.

संध्याकाळी दादाचा फोन आला.

"बंगला बघितला का? कसा हाय?"

मी म्हटलं, "बघण्यासारखा."